प्रश्न आहे, पण सोबत कोण?

माझी भाची प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. परवा म्हणाली, ‘‘मावशी, बाळंतिणी घरी गेल्या की तपासणीला परत येतच नाहीत. का, ते मला शोधायचंय. पण गावोगाव फिरायला एसटीभाडं, झेरॉक्स, मदतीला एक बाई, हे पैसे कोण देणार? आणि माझे प्रश्न बरोबर आहेत की नाहीत, हे सांगणार कोण?’’

मला डॉ. राणी बंग आठवल्या. गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची! १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पण त्याआधी बंग दाम्पत्य जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलं होतं. प्रश्न गावातला असला, तरी तो कसा विचारायचा हे शिकावंच लागतं.

आयसीएमआरने १९७९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची शिष्यवृत्ती सुरू केली. सोबत मार्गदर्शकही. चांगली सोय, पण ती विद्यार्थ्यांपुरती. नोकरीत रुजू झालेल्या मुलींचं काय? प्रत्येक जिल्ह्यात अशा चार-पाच जणींना थोडी रक्कम आणि महिन्यातून एकदा त्यांची वही तपासणारं अनुभवी माणूस मिळायला काय हरकत आहे?

मैत्रिणींनो, भाचीचं एसटीभाडं मी देईनही. पण तिची वही तपासणारं माणूस मी कुठून आणू?