शहरनामा : नैरोबीकरांनी राखलेली जागा

आपल्याकडच्या बातम्यांत नैरोबी येते ती दंगल, लूटमार नाहीतर किबेराची झोपडपट्टी घेऊन. त्यात खोटं काही नाही. पण तेवढ्यावर शहर ओळखलं असं मानणं हा तिथल्या माणसांवर अन्याय आहे. सार्वजनिक जागा कशी राखावी, हे मी तरी नैरोबीकरांकडूनच शिकावं म्हणेन.

भर शहरातल्या उहुरू पार्कमध्ये १९८९ साली ६० मजली टॉवर उभा राहणार होता. ग्रीन बेल्ट चळवळीच्या वांगारी माथाईंनी पत्रांवर पत्रं लिहून सरकारला जाब विचारला. संसदेत त्यांची टिंगल झाली. पण परदेशी पैसा आटला आणि टॉवर बारगळला.

मग करुरा. उत्तरेकडचं सुमारे हजार हेक्टरांचं हे जंगल नव्वदच्या दशकात तुकड्या-तुकड्यांनी मर्जीतल्यांना वाटलं जात होतं. ८ जानेवारी १९९९ला माथाई तिथे एक रोप लावायला गेल्या. फाटकाशी भाडोत्री माणसांनी हल्ला केला, त्यांचं डोकं फुटलं. पोलीस ठाण्यातल्या तक्रारीवर त्यांनी स्वतःच्या रक्ताने सही केली. विद्यार्थी रस्त्यावर आले. त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांना सार्वजनिक जमिनींची खिरापत थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं.

माथाईंना २००४मध्ये नोबेल मिळालं, ते जगाला ठाऊक आहे. पण त्यानंतर जे घडलं, ते मला तितकंच मोलाचं वाटतं. जंगल वाचलं, तरी आत जायची कुणाची छाती नव्हती. वाटमारीसाठी ते बदनाम होतं. लगतच्या बंगल्यांतले रहिवासी आणि हुरुमा वस्तीतले लोक वनखात्याबरोबर कामाला लागले. कुंपण घातलं गेलं. पहाऱ्याला वस्तीतलीच तरुण पोरं उभी राहिली. आता सकाळी बायका तिथे एकट्या धावायला येतात. धबधब्याकडे, माउ माउ लढ्यातल्या गुहांकडे शाळेच्या सहली जातात आणि वर फांद्यांतून कोलोबस माकडांच्या लांब पांढऱ्या शेपट्या लोंबत असतात. श्रीमंत आणि गरीब शेजाऱ्यांनी मिळून एखादी जागा अशी सांभाळलेली मोठ्या शहरांत क्वचितच दिसते.

असंच ग्रंथालयांचं. मॅकमिलन ग्रंथालय १९३१मध्ये उघडलं ते फक्त गोऱ्यांसाठी. दारातले दगडी सिंह आजही आहेत. वाचक मात्र बदलले. ‘बुक बंक’ ही संस्था महापालिका प्रशासनाबरोबर त्याचा जीर्णोद्धार करते आहे. तिने डागडुजी सुरू केली ती मात्र ईस्टलँड्सच्या कष्टकरी वस्त्यांतल्या कालोलेनी आणि मकदारा इथल्या शाखांपासून. घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलांची आधी सोय, भव्य इमारत नंतर. हा क्रम मला फार भावतो.

आपले बहुतेक पर्यटक विमानातून उतरतात आणि थेट मसाई माराची गाडी धरतात. एक दिवस शहराला द्या. सकाळी करुरात चाला, दुपारी कालोलेनीच्या वाचनालयात डोकावा आणि तिथल्या लोकांशी बोला.

– शहरयात्री