सोमवारची छाती

गिरणगावात एक दुखणं होतं आणि त्याला वार ठरलेला होता. रविवारची सुट्टी संपवून माणूस सोमवारी पाळीवर चढला की काही तासांत त्याची छाती आवळू लागे. श्वास पुरता घेता येत नसे, कोरडी ढास लागे, रात्री अंग कणकणे. मंगळवारी जरा बरं वाटे, बुधवारी तो ते विसरून जाई आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. शेजारी म्हणत दमा आहे. घरची माणसं म्हणत थंडी बाधली. जॉबर म्हणे कामाचा कंटाळा. दवाखान्यात सांगत, बिडी सोड. खात्याच्या हवेत दिवसाचे आठ तास जे तरंगत होतं, त्याचं नाव मात्र कुणी घेत नसे.

ते होतं कापसाची धूळ, आणि त्या दुखण्याचं नाव बिसिनोसिस. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यातल्या गिरण्यांमध्ये, विशेषतः गासड्या फोडणाऱ्या ब्लोरूममध्ये आणि कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांच्या वाट्याला ते आलं. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहू लागली, आणि १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं पिढ्यांमागून पिढ्यांनी ही धूळ ओढली. एवढ्या काळात या माणसांच्या छातीचा साधा हिशेबही आपण ठेवला नाही. हा आरोप एकट्या मालकांवर नाही, आपल्या सगळ्यांवर आहे.

आधी दुखणं समजून घेऊ, कारण न समजण्याच्या आडच ही अनास्था लपलेली आहे. बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. ही चार लक्षणं रोमन ग्रंथकार सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली आहेत. हा दाह म्हणजे शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी उचललेलं पाऊल. शत्रूला गिळणाऱ्या पेशी तिथे धावतात, काम झालं की माघारी जातात, आणि जखम भरते. या भक्षक पेशींचं काम एली मेचनिकोव्हने १८८२मध्ये ओळखलं. त्याचाच शिष्य वाल्डेमार हाफकिन पुढे प्लेगची लस घेऊन मुंबईत उभा राहिला. त्याच्या नावाची संस्था परळला आहे, लालबागच्या नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दाहाचं आधुनिक ज्ञान त्या गुरूच्या शिष्याच्या हाताने आपल्या दारापर्यंत पोचलं होतं, हे इथे मुद्दाम सांगतो.

कापसाच्या बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्या आणि पानांचा चुरा यांवर जिवाणू वाढतात. त्यांच्या कवचातलं विष, ज्याला शास्त्रज्ञ एंडोटॉक्सिन म्हणतात, धुळीबरोबर फुप्फुसात उतरतं. तिथल्या भक्षक पेशी खवळतात, रासायनिक संदेश सोडतात, रक्तातून आणखी पेशी बोलावून घेतात. श्वासनलिका सुजतात, आकसतात, कफाने भरतात. शत्रू एकदा येऊन गेला असता तर हे सारं निवळलं असतं. पण गिरणीत तो रोज येतो. मग शरीर त्या माऱ्याला काही काळ सरावतं आणि म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत माणसाला बरं वाटतं. सुट्टीत तो सराव सुटतो आणि सोमवारी पहिल्या धुळीला फुप्फुस पुन्हा पूर्ण जोराने पेटतं. वर्षं सरतात तसं सोमवारचं दुखणं मंगळवारपर्यंत रेंगाळतं, मग आठवडाभर, मग रविवारीही. तिथवर आलेला माणूस गिरणी सोडून गावी गेला तरी त्याची छाती सुटत नाही. नळ्यांची बांधणीच बदललेली असते.

आता आठवा की गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४पासून त्यांनी ‘दीनबंधु’ या वृत्तपत्रातून आणि सभांतून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. सत्यशोधकांच्या या पुढाऱ्याने कामगाराला एक दिवस मोकळी हवा दिली. त्या एका दिवसानेच रोगाची खूण उघडी पाडली. रविवार नसता तर सोमवारचं दुखणं ओळखताच आलं नसतं. लोखंडे स्वतः १८९७च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना गेले. त्यांनी मिळवलेल्या सुट्टीने जो पुरावा दर आठवड्याला समोर आणून ठेवला, तो वाचणारे आपण निघालो नाही.

पुरावा वाचता येत नव्हता, असं कुणी म्हणू नये. गिरणीची यंत्रं लँकेशायरहून आली. तिथल्या सूतगिरण्यांतल्या खोकल्याचं वर्णन डॉक्टर जेम्स के यांनी १८३१मध्येच केलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने या रोगासाठी भरपाई द्यायला सुरुवात केली, आणि पन्नाशीच्या दशकात मँचेस्टरच्या रिचर्ड शिलिंग यांनी ‘दुखणं फक्त सोमवारी की रोज’ याच प्रश्नावर रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. यंत्रं बोटीने मुंबईला आली, त्यांच्यासोबतचं हे ज्ञान बंदरातच राहिलं. अमेरिकेने १९७८मध्ये सूत काढणाऱ्या खात्यांसाठी मर्यादा घातली: एक घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त कापूसधूळ नको. गिरणीवाले कोर्टात गेले, खर्च परवडत नाही म्हणाले. जून १९८१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामगाराचं आरोग्य खर्च आणि फायद्याच्या तराजूत तोलावं, असं हा कायदा म्हणत नाही. त्यानंतर सात महिन्यांत मुंबईचा संप सुरू झाला. त्या संपाच्या मागण्यांत पगार होता, बदली कामगारांना कायम करणं होतं, रजा होती, भत्ते होते. सगळ्या रास्त. धुळीचा मुद्दा मात्र पुढाऱ्यांच्या तोंडी ठळकपणे कधी आला नाही. ज्या चळवळीने या मुलखाला माणूसपण शिकवलं, तिनेही कामगाराचे हात आणि पोट पाहिलं, छाती पाहिली नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहिलं पाहिजे.

कायदाही अपुरा नव्हता. १९४८च्या कारखाने कायद्याचं १४वं कलम धूळ उगमापाशीच ओढून घ्या असं सांगत होतं. ८९वं कलम सांगत होतं की कामामुळे झालेला नोंदणीयोग्य रोग दिसला की डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना कळवायचं, न कळवल्यास दंड. कामगार राज्य विमा योजनेत भरपाईची तरतूद होती, आणि योजनेचं रुग्णालयही परळलाच. पलीकडे केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करून हा रोग इथे आहे हे दाखवून दिलं. रोग, अभ्यास, रुग्णालय आणि कायदा हे चारही एका मैलाच्या आत असताना कामगाराच्या केसपेपरवर मात्र ‘ब्रॉन्कायटिस’ किंवा ‘दमा’ लिहिलं जाई, नाहीतर क्षयाच्या गोळ्या सुरू होत. तो कोणत्या खात्यात काम करतो, हे विचारलंच जात नसे. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७००मध्ये छापलेल्या ग्रंथात वैद्यांना बजावलं होतं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. तीनशे वर्षांनंतरही आपल्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न परकाच आहे.

बिडीचा दोष मी नाकारत नाही. धूर आणि धूळ एकत्र आले की फुप्फुस लवकर ढासळतं, हे सिद्ध आहे. पण बिडीचं निमित्त पुढे करून धूळ निर्दोष सोडणं हा अन्याय होता. त्यात आजाराबरोबर अपराधही कामगाराच्या पदरी बांधला गेला. धुळीवर उतारा म्हणून गुळाचा खडा चघळण्याचा रिवाज होता. गूळ घशातून पोटात जातो. श्वासनलिकेत उतरलेल्या विषापर्यंत तो पोचत नाही. ज्याला धूळ ओढणारं यंत्र द्यायचं, झाकलेली कार्डिंग मशीन द्यायची, वर्षातून एकदा पाळीआधी आणि पाळीनंतर फुंकरीचा जोर मोजायचा, त्याची समजूत गुळावर काढली गेली.

उपचारांचं काय? १९४८मध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि दाह विझवता येतो हे जगाने पाहिलं. १९८२चं वैद्यकाचं नोबेल दाह घडवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनवरच्या संशोधनाला मिळालं, ज्यातून ॲस्पिरिनचं काम उलगडलं. २०१७मध्ये दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरच्या चाचणीने दाखवलं की कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी केला तरी हृदयविकाराचे झटके घटतात. विज्ञान इतकं पुढे गेलं. पण बिसिनोसिसवर या सगळ्यातलं काहीही धुळीपासून दूर करण्याइतकं चालत नाही. नळ्या रुंदावणारी औषधं तात्पुरता दम देतात, एवढंच. आणि गरिबाच्या वाट्याला बहुधा आली ती दम्याची पुडी. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत आराम पडतो, माणूस पुडी देणाऱ्याला देव मानतो, आणि काही वर्षांत तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. रात्री त्याची पाठ शेकत बसणाऱ्या बायकोने कुणाला जाब विचारायचा होता?

आज गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आहेत. जमिनीचा हिशेब चौरस फुटापर्यंत झाला, विधानसभेत झाला, सर्वोच्च न्यायालयात झाला. गिरणी कामगारांनी घरांसाठी मोर्चे काढले, २०१२पासून म्हाडाच्या सोडती निघाल्या आणि तरी हजारोंना घर मिळायचं आहे. फुप्फुसांचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. त्याच जमिनीवरच्या सुखवस्तू घरांत आता दाह कमी करणारा आहार, दाह कमी करणाऱ्या हळदीच्या गोळ्या यांची चर्चा असते. हळदीच्या जखमेवरच्या वापराचं अमेरिकन पेटंट १९९७मध्ये रद्द झालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ती लढाई जिंकली, आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटला. वाटायलाच हवा. पण त्याच लालबागच्या मसाला गल्लीत डंकांवर मिरची-हळद कुटणाऱ्या, तोंडाला फडकं बांधून दिवसभर ती भुकटी श्वासात घेणाऱ्या बायामाणसांची छाती कोण तपासतं? दाह ही आपल्याला ज्याच्या त्याच्या ताटातली आणि सवयींतली गोष्ट वाटू लागली आहे. ठिणगी कोण टाकतो, कुणाच्या अंगावर टाकतो, हा प्रश्न आपण विचारेनासे झालो आहोत, कारण उत्तरात आपल्या अंगावरचा स्वस्त कपडा येतो.

आणि ही गोष्ट गिरण्यांबरोबर संपलेली नाही. कापूस मुंबईतून गेला, महाराष्ट्रातून नाही. यवतमाळ-जळगावकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर उभ्या राहणाऱ्या मजुरांना, इचलकरंजीच्या सूतगिरण्यांत आणि भिवंडी-मालेगावच्या मागाच्या गाळ्यांत काम करणाऱ्या परगावच्या पोरांना तीच धूळ मिळते. गिरणीत निदान युनियन होती, विमा होता, हजेरीचं कार्ड होतं. पत्र्याच्या गाळ्यातल्या पोराकडे त्याने तिथे काम केल्याचा कागदही नाही. उद्या छाती भरली तर भरपाई मागायला तो काय दाखवणार?

म्हणून पहिली मागणी कागदाची: प्रत्येक गाळ्यात, प्रत्येक जिनिंगमध्ये नेमणुकीचं पत्र. दुसरी, फुंकर मोजायच्या साध्या नळीची. ती काही शे रुपयांत मिळते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीआधी एकदा आणि पाळी संपताना एकदा फुंकायला लावलं तर आकडा बोलतो. हे काम आशाताई करू शकतात, वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी करू शकतात, कामगार संघटना स्वतः करू शकतात. आणि केईएम, सायन, कोल्हापूर, यवतमाळ इथल्या बाह्यरुग्ण विभागात खोकला घेऊन येणाऱ्या माणसाच्या केसपेपरवर बिडी किती ओढतो याच्या आधी एक ओळ छापली गेली पाहिजे: कुठल्या खात्यात काम करता, किती वर्षं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती कशी असते.