गाडीला गार्ड लावावा काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्याकडे प्रश्नांची रांग लागते. तोड केव्हा येणार, टोळी किती कोयत्यांची, खोडव्याची नोंद राहिली काय, शेतातला रस्ता कोण करून देणार, हे नेहमीचे प्रश्न. यंदा त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. खात्याला यंदा फोर व्हील ड्राइव्ह गाडी मिळाली. आपली जमीन काळी, पावसात साधी गाडी बांधावरच रुतून बसते, म्हणून ही सोय झाली. गाडी दारात उभी राहून आठ दिवस झाले नाहीत तोच गट कार्यालयात विषय निघाला. आमचे एक जुने सभासद म्हणाले, “साहेब, नव्या गाडीले पहिले गार्ड लावून घ्या जी. रोही आडवा आला तं बोनेटच जाते मंग.”

चिटबॉयपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही मात्र गप्प राहिलो. त्या वेळी दिले नाही ते उत्तर या अंकात देत आहोत. हा प्रश्न एका सरकारी गाडीपुरता नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या पुष्कळ सभासदांच्या दारात जीप, बोलेरो आल्या, आणि नंबर प्लेटच्या आधी गार्ड लावण्याची रीत पडली आहे.

आधी गार्डच्या बाजूने बोलू. सभासदांची भीती खोटी नाही. बोर धरणाच्या अंगाला, हिंगणी-सेलूच्या रस्त्यांवर रात्री फिरणाऱ्याला विचारा. रोही म्हणजे नीलगाय. तिचा मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो. रानडुक्कर बुटके असले तरी घट्ट अंगाचे, त्याची धडक थेट रेडिएटरला बसते. मग रात्री दहा वाजता, मोबाइलला रेंज नाही अशा जागी गाडी उभी राहते आणि दुरुस्तीचे बिल पाहून डोळे पांढरे होतात. हे आम्ही स्वतः भोगले आहे. शिवाय गार्ड लावलेली गाडी रुबाबदार दिसते, हेही कबूल करू. पुढाऱ्याच्या गाडीला गार्ड असतो, मग आपल्या का नको, असे मनात येणे साहजिक आहे.

पण आम्ही गप्प राहिलो त्याचे कारण एक जुनी गोष्ट आहे. ती आजवर लिहून काढण्याचा धीर झाला नव्हता.

काही वर्षांपूर्वी खात्याकडे एक जुनी जीप होती. तिला जाड पाइपाचा गार्ड वेल्डिंग करून लावला होता, आणि तो लावावा हा आग्रह आमचाच होता. हंगामातली संध्याकाळ. दिवस मावळलेला, दिवे लागायचे राहिलेले. एका पुलाजवळ टायरगाड्यांची रांग चालली होती आणि एक गाडीवान बैलांच्या कडेने पायी चालत होता. तो एकदम रस्त्याकडे वळला. आमच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबलीच होती, सायकलीचा वेग असतो तेवढाच उरला होता. तेवढ्या वेगात गार्डचा आडवा पाइप त्याच्या मांडीला लागला आणि हाड मोडले. आम्हीच त्याला उचलून दवाखान्यात नेले. जखम पाहून डॉक्टरांनी विचारले, “गाडीला पुढे काय लावले आहे?” आम्ही खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी उजेडात गाडी पाहिली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

उपचाराचा खर्च झाला, तो दिला गेला. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती त्या कोयत्याच्या भरवशावर. नवरा खाटेवर पडला, म्हणजे तो कोयता मोडला. त्या हंगामाची उचल फिटली नाही. ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसली. आमच्या जीपचे बोनेट वाचले त्याची किंमत ही अशी कोणी दिली. त्या दिवसापासून आम्ही या पाइपाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आम्ही मोटारींचे तज्ज्ञ नाही, आमची पदविका शेतीची. तरी जाणकारांना विचारून, वाचून जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

पूर्वीच्या जीपचा पत्रा जाड आणि सांगाडा कडक. त्या काळी मजबूत गाडी म्हणजे न चेपणारी गाडी, अशीच समजूत होती. बेला बारेनी नावाच्या एका अभियंत्याने मर्सिडीज कंपनीत काम करताना ही समजूत उलटी केली. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा करावा आणि माणसे बसतात तो मधला भाग कडक ठेवावा, ही त्याची कल्पना. १९५९ साली तशी पहिली मोटार बाजारात आली. याचे मर्म आपल्या आयाबहिणींना केव्हाच ठाऊक आहे. डोक्यावर भरलेली घागर घेताना खाली चुंबळ ठेवतात. चुंबळ दबते म्हणून डोके वाचते. आता कोणी म्हणाले, “कापडाची चुंबळ चेपून खराब होते, लोखंडी कडे करून घ्या,” तर आपण त्याला काय म्हणू? गाडीचे नाक ही चुंबळ आहे. गार्ड हे लोखंडी कडे आहे. तो थेट चेसीला बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे मोठ्या धडकेत दणका पत्र्यात न जिरता चेसीमार्गे आत बसलेल्या माणसांपर्यंत येऊ शकतो.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. नव्या मॉडेलमध्ये शेजारच्या प्रवाशासाठीही ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. ही पिशवी कधी फुगावी हे सेन्सर ठरवतात, आणि गाडी किती झटक्याने मंदावते यावरून ते ठरवतात. हा सगळा हिशेब कारखान्यातून निघालेल्या मूळ गाडीवर चाचण्या घेऊन बसवलेला असतो. पुढे लोखंड जोडले की तो हिशेब बिघडतो. पिशवी वेळेवर फुगेल याची खात्री उरत नाही, आणि हे सारे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत घडते. माती न तपासता युरिया टाकू नका, असे आम्ही गावोगाव सांगत फिरतो. मग चाचणी घेतलेल्या गाडीला न तपासलेला गार्ड कोणत्या तोंडाने लावावा?

तिसरी गोष्ट कायद्याची. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवले. असे अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग करतात, त्यापासून पायी चालणाऱ्यांना आणि गाडीतल्यांनाही धोका आहे, म्हणून कारवाई करावी, असे त्यात कळवले होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातानंतर विमा कंपनीने या बदलावर बोट ठेवले तर दावा अडकण्याची भीती वेगळीच.

यावर कोणी म्हणेल, परदेशात तर सर्रास लावतात. ऑस्ट्रेलियात लावतात हे खरे. तिथे कांगारू रस्त्यावर येतात आणि गाव गावापासून शेकडो किलोमीटर लांब असते. पण तिथे गार्डसाठी मानक आहे आणि विशिष्ट गाडीच्या एअरबॅगशी जुळेल असा गार्ड तयार मिळतो. युरोपने २००५ साली नियम करून, पादचाऱ्याला इजा कमी होईल अशा कसोटीला उतरलेलेच गार्ड विकावेत असे ठरवले. आपल्याकडे गार्ड होतो तो चौकातल्या गॅरेजात, पाइप वाकवून आणि वेल्डिंग मारून. त्याची कसोटी कोण घेतो? घेतो तो रस्त्यावरचा माणूस, आपल्या हाडांनी.

आणि आपल्या रस्त्यावर माणूस असतो. आम्ही पिपरी (मेघे) येथे राहतो. नावाला गाव, पण वर्धा शहर केव्हाच अंगणाला येऊन टेकले आहे. पहाटे फिरायला निघालेले म्हातारे, शाळेच्या सायकली, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, सगळे त्याच रस्त्याने. महिन्यातून एखादा रोही आडवा जात असेल. माणूस दर मिनिटाला आडवा जातो. बोलेरोच्या गार्डचा वरचा पाइप लहान मुलाच्या छातीला किंवा डोक्याला येतो. हे एकदा आपल्या नातवाला गाडीपुढे उभे करून पाहावे, म्हणजे आम्हाला पुढे लिहायची गरज राहणार नाही.

मग रोह्याचे काय करायचे? याचे उत्तर गाडीच्या पुढे लोखंडात नाही, पायाखालच्या पॅडलमध्ये आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावरसुद्धा गाडी पूर्ण थांबेपर्यंत पंचावन्न-साठ मीटर लागतात. ताशी ५० ला हेच अंतर अठ्ठावीस-तीस मीटरवर येते. खाली वळवलेल्या दिव्यात रात्री काळसर जनावर साधारण तेवढ्याच अंतरावर दिसते. म्हणजे ८० ने जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या पुढे पळत असतो. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हा हिशेब कोणताही गार्ड बदलू शकत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. खात्याच्या गाडीला गार्ड लावू नये. तशी लेखी शिफारस आम्ही केली आहे आणि सोबत पुढील गोष्टी सुचविल्या आहेत.

रात्री खात्याची गाडी ताशी ५० च्या वर जाणार नाही. गावातून त्याहूनही हळू. हंगामापूर्वी हेडलाइट तपासून नीट बसवून घ्यावेत, काच रोज पुसावी. एक रोही गेला म्हणजे संपले असे समजू नये, मागे कळप असतो. थांबून दोन मिनिटे द्यावीत. जनावर दिसताच स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये, उंच गाडी उलटते. सरळ ब्रेक दाबावा. पुढे-मागे सर्वांनी सीट बेल्ट लावावा. चिखलात अडकलेला ट्रॅक्टर ओढायला गार्ड लागतो असे काही जण म्हणतात. तेही खरे नाही. त्यासाठी कंपनीने दिलेला टोईंग हुक आहे, त्यालाच दोर बांधावा.

आणि गार्डवर जो पैसा जाणार होता तो लाल-पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्यांवर खर्च व्हावा. हंगामात रात्री सगळ्यात मोठा धोका रोह्याचा नसून, दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीचा असतो. ट्रॉलीवर मागून आदळणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आपल्या गार्डचा काय उपयोग? प्रत्येक ट्रॉलीला आणि प्रत्येक टायरगाडीला मागे पट्टी हवी. बैलांच्या शिंगांनासुद्धा ती चिकटवता येते. जी ट्रॉली पट्टीविना काट्यावर येईल तिला तिथेच पट्टी लावून मग पुढे सोडावे, अशी आमची सूचना आहे.

ज्या सभासदांच्या गाड्यांना आज गार्ड आहे त्यांना आम्ही दोष देत नाही. आम्हीही तेच केले होते, त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात तो विचार घातला होता. त्यांनी एक करावे: पाना घेऊन गार्डचे बोल्ट सोडवावेत. काढलेला पाइप वाया जात नाही, गोठ्याच्या दाराला आडणा म्हणून छान बसतो. आमच्या जुन्या जीपचा पाइप आज तिथेच आहे.

सहकार म्हणजे नफ्यातोट्यात सगळ्यांचा वाटा. गार्डच्या व्यवहारात मात्र फायदा गाडीतल्याच्या पत्र्याचा आणि तोटा रस्त्यावरच्या माणसाच्या हाडांचा, अशी वाटणी होते. तो रस्त्यावरचा माणूस आपला ऊस तोडतो, आपला ऊस वाहतो. त्याच्याविना आपली मोळी काट्यावर पोचत नाही. बोनेट चेपले तर चेपू द्या. पत्रा ठोकून सरळ होतो.

हंगाम सर्वांना सुखाचा जावो.

— ऊस विकास अधिकारी
पिपरी (मेघे), जि. वर्धा