ब्रेकच्या डबीची काच

मुलाला गेल्या महिन्यात पक्कं लायसन्स मिळालं. त्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, "अब्बू, उद्यापासून मुलुंडला कॉलेजला मोटारसायकल नेऊ?" मी म्हटलं, "ने. बारा वर्षांची आहे, पण ब्रेक चांगले आहेत."

तो खाली जाऊन गाडी न्याहाळून आला. "हँडलवरच्या ब्रेकच्या डबीला गोल काच आहे ना, तिला दादीच्या डोळ्यासारखा मोतीबिंदू झालाय. आतलं काहीच दिसत नाही."

मी गप्प झालो. त्या काचेतून मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग ब्रेक चांगले आहेत, हे मी कशावरून सांगितलं?

2001 साली बजाजची पल्सर आली आणि पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक आपल्या गल्ल्यांत सर्रास दिसू लागला. त्या सुमाराच्या कितीतरी गाड्या अजून घाटकोपर-कुर्ल्यात धावतात. डिस्क ब्रेक चालतो तो डबीतल्या द्रवावर. आपण त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट 4 निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 अंशांवर येऊ शकते. टेकडीवरच्या वस्तीतून सतत ब्रेक दाबत उतरताना ब्रेक तापतो. आतल्या पाण्याची वाफ झाली तर लिव्हर मऊ पडतो आणि गाडी थांबत नाही. मुंबईत चार महिने पावसाळा, म्हणून हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला हवं.

रविवारी आम्ही दोघं कामाला लागलो. आधी ओल्या फडक्यानं डबी बाहेरून पुसली. मग मऊ कापडावर किंचित टूथपेस्ट घेऊन काच हलक्या हातानं घासली. उन्हानं आणि धुळीनं आलेला बाहेरचा धूसरपणा बराच गेला. उरलेला आतून होता.

टाकीवर ओलं फडकं पसरलं, कारण हे ऑइल रंग खातं. हँडल वळवून डबी सपाट केली. झाकणाच्या स्क्रूला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घेतला, नाहीतर खाचा झिजतात. झाकण उघडं असताना लिव्हर दाबायचा नाही, हे मुलाला दोनदा बजावलं. ऑइल डोळ्यात उडू शकतं आणि नळीत हवा शिरते. इंजेक्शनच्या सिरिंजनं वरचं ऑइल काढलं. केमिस्टकडून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापडाची घडी भिजवून काच आतून पुसली आणि पूर्ण वाळू दिली. पेट्रोल, रॉकेल, थिनर इथे चालत नाही. आतलं रबर फुगतं. मग झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल सीलबंद बाटलीतून भरलं. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरायची नाही. तिच्यातही ओलावा गेलेला असतो.

काच उजळली, पण सिरिंजमधलं ऑइल काळ्या चहासारखं होतं आणि आधीची पातळी खालच्या खुणेलाही शिवत नव्हती. गाडी हळूहळू ढकलत गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिकचाचांकडे नेली.

ते म्हणाले, "सर, पॅड झिजले की पातळी उतरतेच. नुसतं वरून भरलं असतं तर खरी गोष्ट झाकली गेली असती." पॅड खरोखरच संपत आले होते. त्यांनी पॅड बदलले, नळीतलं सगळं जुनं ऑइल काढलं, हवा काढली. काचेभोवती बोट फिरवून ओल नाही याची खात्री केली. "काचेला बारीक तडे असते किंवा कडेनं झिरपत असतं, तर घासून किंवा गोंद लावून भागत नाही. काच किंवा अख्खी डबीच बदलावी लागते."

मुलाला चावी तीन दिवसांनी मिळाली. तो कुरकुरला नाही, कारण ते काळं ऑइल त्यानं स्वतः पाहिलं होतं.

वर्गात मुलांना मी सांगतो, न वाचता सही करू नका. घरात मात्र मी न पाहता हमी देऊन बसलो होतो. तुमच्या इमारतीखाली अशी जुनी गाडी असेल तर आज तिच्या हँडलपाशी वाका. काचेतून पातळी दिसली नाही, तर ब्रेकची हमी घरात कुणालाही देऊ नका.