गोडीचे सोंग

गेल्या मे महिन्यात आमच्या नात्यात एक लग्न झाले. पंगतीआधी वाढपी ट्रे घेऊन फिरत होते. हिरव्या बाटल्या, तोंडाशी फेस. माझ्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाने बाटली उंचावून मित्राला 'चीअर्स' केले आणि मला पाहताच ती पाठीमागे लपवली. वडील हसून म्हणाले, "सर, फ्रूट बिअर आहे ती. सफरचंदाचं सरबत. त्यात काही नसतं."

त्यात काही नसते हे मलाही ठाऊक आहे. मग मुलाने ती लपवली का?

आपल्या घरांतून एक समज मुरला आहे : फळ पडले, साखर पडली की मद्याचे मद्यपण जाते. "घरची आहे हो, फळाची आहे, सौम्य असते." मी मराठीचा एम.ए., रसायनशास्त्र माझे नव्हे. पण माझा पुतण्या अमेरिकेत हौसेने घरी बिअर करतो. तिथल्या केंद्रीय कायद्याने १९७८ साली ही मुभा दिली. आपल्याकडे तोच उद्योग परवान्याविना केला तर अबकारी गुन्हा होतो. मोड आणलेल्या जवाचा काढा, त्यात हॉप्सची कडू फुले, गार झाल्यावर यीस्ट. आंबणे ओसरले की तो आंब्याचा रस ओततो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "मग आमरसासारखी गोड लागत असेल?" तो म्हणाला, "नाही काकू, गोडी उरतच नाही. साखर यीस्ट खाऊन टाकतं."

हीच तर गोम आहे. १०० ग्रॅम साखर पुरती आंबली तर सुमारे ५० ग्रॅम मद्यार्क होतो, बाकीचा वायू. म्हणजे फळाची गोडी मद्याला सौम्य करीत नाही, ती स्वतःच मद्य होते. नीरा पिणाऱ्याला हे सांगायला नको. पहाटे गोड, ऊन चढले की ताडी.

मग बाटलीतली गोडी येते कुठून? ती मागाहून घातलेली असते. कोणी दुधातली साखर, लॅक्टोज, घालतो. ती बिअरच्या यीस्टला पचत नाही. कोणी यीस्टचे काम बंद पाडून सरबताचा पाक ओततो. यीस्ट जिवंत असताना साखर घालून बूच मारले तर वायू कोंडतो आणि बाटली फुटते. पुतण्याच्या तळघरात एकदा मध्यरात्री तशी फुटली, काचा छताला लागल्या. बेल्जियममध्ये आंबट चेरी महिनोन्‌महिने मुरवून 'क्रीक' नावाची बिअर करतात. खरी क्रीक आंबट, जिभेला झोंबणारी. गोड केलेलीही खपतेच. पण जुन्या रीतीच्या बिअरसाठी 'औद क्रीक', म्हणजे 'जुनी क्रीक', हे नाव १९९७ पासून युरोपात राखून ठेवलेले आहे. नावाची चाड म्हणतात ती ही.

ही गोडी कोणासाठी? मुरलेल्या पिणाऱ्याला तिची गरज नाही. कडूपणा हा लहान जिभेचा दारवान आहे. साखर त्याला झोपवते. ब्रिटनमध्ये १९९५ च्या सुमारास लिंबू-सरबतासारखी गोड मद्ये बाजारात आली आणि ती पोरांच्या हाती गेली म्हणून ओरड झाली. जर्मनीने २००४ साली अशा गोड मिश्रणांवर वेगळा कर बसवला, तो तरुणांच्या रक्षणाच्या नावाने. आपण मात्र उलट्या टोकाने चाललो आहोत. तिकडे मद्याला सरबताचे सोंग देतात, इकडे सरबताला मद्याचे. दोन्ही सोंगांत पोर तेच.

"नावात काय आहे, सर?" असे मला त्याच मांडवात एकाने ऐकवले. बेळगावात राहून हा प्रश्न? दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे असावीत यासाठी इथे माणसांनी लाठ्या खाल्ल्या, आणि मुलाच्या हातातल्या बाटलीवर 'बिअर' लिहिले आहे त्याचे आपल्याला काही नाही!

मी दारूबंदीवाला नाही. पुतण्याच्या हौसेवर माझा राग नाही, उलट तो खरे सांगतो म्हणून कौतुकच आहे. ज्याला प्यायची त्याने ती मद्य म्हणून, तिच्या चवीसकट प्यावी. आणि लग्नात पोरांना कोकम सरबत द्यावे. घाट उतरले की कोकम मिळते, हिरवी बाटली कशाला हवी?

गणपतीत पुतण्याचा फोन आला होता. या खेपेला त्याने आंब्याच्या बिअरमध्ये वरून काहीच गोड घातले नाही. मित्रांनी अर्धे ग्लास तसेच टेबलावर ठेवले, म्हणून बिचारा खट्टू झाला होता.