क्षमा कोणी करावयाची?

‘घरातील भांडण घरातच मिटावे’, हे आपल्याकडील जुने सांगणे. त्यामागील हेतू चांगला आहे. पण मार खाणारी एकटी आणि मिटविणारे सारे मारणाऱ्याचेच नातलग असतील, तर त्या मिटविण्यास न्याय म्हणावे काय? शेजारी देशांचे कायदे पाहताना हाच प्रश्न पुढे येतो.

पाकिस्तानात मृताच्या वारसांनी क्षमा केल्यास खुनी सुटू शकतो. घराण्याच्या अब्रूसाठी भावाने बहिणीस मारावे आणि बापाने त्यास क्षमा करावी, असे तेथे वर्षानुवर्षे घडले. २०१६ साली कंदील बलोच हत्येनंतर अशा खुनांत क्षमेनंतरही जन्मठेपेची तरतूद झाली. मात्र त्याच वर्षी पंजाब प्रांताने केलेला स्त्रीसंरक्षण कायदा तेथील इस्लामी विचारधारा परिषदेने धर्मविरोधी ठरविला!

बांगलादेशाच्या २००० सालच्या कायद्यात हुंड्यासाठी पत्नीचा जीव घेणाऱ्यास मृत्युदंड आहे. श्रीलंकेचा २००५चा कायदा संरक्षण आदेशावर भर देतो; मारहाणीचा खटला सामान्य दंडसंहितेखालीच चालतो. हिंदुबहुल नेपाळने २००९मध्ये घरगुती हिंसा हाच थेट गुन्हा मानला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, तीन ते पंचवीस हजार रुपये दंड किंवा दोन्ही; समेटाची वाटही खुली ठेवली.

आपल्याकडे १९८३चे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. पत्नीचा छळ करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचा गैरवापरही होतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये सरसकट अटकेस लगाम घातला. तो योग्यच होता. परंतु गैरवापरावर उपाय काटेकोर तपास हा आहे, कायदा निष्प्रभ करणे हा नव्हे.

पाकिस्तानातील वारसांच्या क्षमेस आपण नावे ठेवतो. मग माहेरी परतलेल्या लेकीला ‘थोडे सोसून घे’ म्हणून परत धाडतो, तेव्हा आपण काय करतो? तिच्या वतीने आपणच क्षमा करून टाकतो! कुटुंबसंस्था हा हिंदू समाजाचा आधार आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. तो आधार एकीच्या मूक अश्रूंवर उभा राहू नये. संपर्काच्या निमित्ताने घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने त्या घरातील गृहिणीचेही ऐकून घ्यावे. कुटुंबाचे खरे रक्षण तेथूनच सुरू होते.