खानदेशच्या कपाटातली पाच पुस्तके

दिवाळी आली की वाचक विचारतात, "यंदा काय वाचावे?" यंदा मी खानदेशाबाहेर पाऊल टाकणार नाही. कापूस, केळी आणि भरताची वांगी पिकवणारा हा मुलूख पुस्तकांच्या बाबतीतही कोरडवाहू नाही!

पहिले 'गीता प्रवचने'. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दिली. श्रोते कैदी, दृष्टांत घरगुती. तत्त्वज्ञान म्हटले की ज्यांना जांभई येते, त्यांनी येथूनच सुरुवात करावी. प्रवचने उतरून घेतली साने गुरुजींनी.

दुसरे गुरुजींचेच, 'श्यामची आई'. अमळनेरला मास्तरकी केलेल्या गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मुलांचे पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नका. कर्जाने खचत जाणाऱ्या घराची ती कहाणी आईबापांनाच अधिक बोचते.

तिसरे इतिहासाचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या राजवाड्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यातली पत्रे १७५० ते १७६१ ची, म्हणजे पानिपतापर्यंतची. सगळे बावीस खंड कोण वाचणार? हा एक चाळा. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तेथेच आहे.

चौथी कादंबरी, नेमाड्यांची 'कोसला' (१९६३). यावल तालुक्यातल्या सांगवीचा हा लेखक तेव्हा अवघा पंचविशीचा. पुण्याला शिकायला जाऊन रिकाम्या हाताने परतणारा पांडुरंग सांगवीकर आपल्याला हसवतो, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी आपले हसू घशातच अडकते.

पाचवे 'बहिणाबाईंची गाणी'. असोद्याचे माहेर, जळगावचे सासर, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या. पुढच्या वर्षी, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तक आले. जवळ टिपणारे कोणी नसते, तर ती बोली आणि तो शहाणपणा त्यांच्याबरोबरच गेला असता.

म्हणून वाचकहो, एक विनंती. जाती गेली, पण काही घरांत ओव्या म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. लक्ष्मीपूजनाला व्यापारी कोरी वही पुजतो. तशी एक तुम्हीही आणा आणि फराळ आटोपला की आजीजवळ बसा. ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा, शुद्ध करू नका. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.